ऑनलाइन छळ आणि मनाचं आरोग्य: सोलापूरच्या तरुणांकडून वारंवार येणारे प्रश्न

हे पान सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या साधारण १८ ते २५ वयाच्या मुलामुलींनी पाठवलेल्या प्रश्नांतून तयार झालं आहे. कुणी केगावला विद्यापीठात शिकतं, कुणी जुळे सोलापुरात खोली घेऊन राहतं, कुणी मोहोळ-बार्शीहून रोज एसटीने ये-जा करतं, तर कुणी पुण्यात नोकरीला आहे. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

बहुतेक मेसेजची शेवटची ओळ एकच असते: "घरी कळायला नको." त्रास देणाऱ्याचं निम्मं बळ या एका ओळीत असतं, म्हणून खालची बरीच उत्तरं फिरून "एका तरी माणसाला सांगा" इथेच येतात. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असे विचार येत असतील तर बाकीचं नंतर वाचा. आधी १४४१६ या मोफत सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा किंवा थेट प्रश्न १८ वर जा.

१. ग्रुपवर सगळे माझी खेचतात. म्हणतात, "मस्करी चाललीय बे, एवढं काय मनावर घेतोस?" ही मस्करी की छळ, ओळखायचं कसं?

आपल्याकडे मित्रामित्रांतलं बोलणं रांगडं असतं. एकमेकांना नावं ठेवणं चालतं, पण त्यात दोघंही हसत असतात आणि आज तुझी पाळी, उद्या माझी असं असतं. रोज एकाच्याच रंगावर, वजनावर, इंग्रजीवर किंवा घरच्या परिस्थितीवर बोट ठेवलं जात असेल तर ती मस्करी राहिलेली नाही. खात्री करायची असेल तर एकदा स्पष्ट लिहा, "हे मला आवडत नाही, थांबवा." थांबले तर मित्र होते. हसून आणखी जोर केला तर तो छळ आहे, आणि तुमचा तो मेसेज पुढे पुरावा म्हणूनही कामाला येतो.

काही गोष्टी मात्र एकदाही घडल्या तरी पुरे आहेत: खासगी फोटो पसरवणं, तुमच्या नावाने फेक आयडी काढणं, धमकी देणं, फोन नंबर अश्लील मजकुरासोबत टाकणं. तिथे "पुन्हा केलं तर बघू" म्हणून थांबू नका.

२. "फोन बाजूला ठेव, झालं," असं सगळे म्हणतात. मग मला झोप का लागत नाही?

कारण फोन तुम्ही बाजूला ठेवता, लोक ठेवत नाहीत. वर्गात कुणी टोमणा मारला तर ऐकणारे किती होते हे तुम्हाला दिसतं आणि घरी आलात की तो प्रसंग मागे पडतो. पोस्ट किती जणांनी पाहिली, कुणी पुढे पाठवली, हे कळायला मार्ग नसतो. मग रस्त्यात हसणारा प्रत्येक माणूस आपल्यालाच हसतोय असं वाटू लागतं. शरीर सतत सावध राहतं. छातीत धडधड, पोटात गोळा, जेवण न जाणं, रात्री दोन-तीनदा उठून फोन तपासणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं, हे सगळं त्या सावधपणाचं आहे. तुम्ही कमकुवत आहात असा त्याचा अर्थ होत नाही.

फोन पूर्ण बंद केल्यावर काही जणांची घालमेल उलट वाढते, कारण आता काय चाललंय तेही कळत नाही. त्यापेक्षा विश्वासातल्या एका मित्राला किंवा बहिणीला सांगा: "तू लक्ष ठेव, नवीन काही आलं तर स्क्रीनशॉट काढ, मला संध्याकाळी एकदाच सांग." पाहण्याचं ओझं दुसऱ्याने उचललं की मनाला श्वास मिळतो. फोन उशाशी घेऊन झोपू नका, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. दोन आठवडे उलटूनही झोप आणि भूक जागेवर आली नाही तर प्रश्न १७ पाहा.

३. आत्ता, या क्षणी सुरू आहे. सगळ्यात आधी काय करू?

काहीही डिलीट करू नका. घाबरून चॅट उडवलं जातं, अकाउंट बंद केलं जातं, आणि तिथेच पुरावा जातो.

स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा काढा. त्यात समोरच्याचं युजरनेम, तारीख आणि वेळ दिसू द्या. कापून छोटा करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर सेव्ह केलेल्या नावाऐवजी नंबर दिसेल असं पाहा आणि ते चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. इन्स्टाग्राम-फेसबुकवर प्रोफाइलची आणि प्रत्येक पोस्टची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा, कारण नाव आणि फोटो तो उद्या बदलेल. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून तिचं स्क्रीन रेकॉर्डिंग लगेच करा. कोणत्या दिवशी काय घडलं हे वहीत चार ओळींत लिहीत जा. पोलिसांना सांगताना आवाज थरथरतो, तारखा विसरतात. तेव्हा ती वही बोलते.

यानंतर लगेच एका माणसाला सांगा. कुणाला आणि कसं, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. अश्लील फोटो किंवा व्हिडिओ १८ वर्षांखालच्या कुणाचा असेल, अगदी तुमच्या धाकट्या बहिणीचा असला तरी, तो "पुरावा" म्हणून कुणालाही पाठवू नका. असा मजकूर पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. लिंक आणि आयडी लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

४. स्क्रीनशॉट कोर्टात चालतो का? फोन जमा करावा लागेल का?

चालतो, पण त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते सांगितलं आहे. त्याचा नमुना तपास अधिकारी किंवा वकील देतात. ज्या फोनवर मेसेज आले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. तपासासाठी फोन घ्यायची वेळ आली तर पंचनामा होतो. त्याची प्रत मागा, आणि देण्याआधी अभ्यासाचं साहित्य, नंबर, कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा.

५. उत्तर देऊ की ब्लॉक करू?

एकदा "थांब" सांगून झालं की वाद घालू नका. तुमच्या रागाच्या भरातल्या शिवीचा स्क्रीनशॉट तोही काढतोय. पुरावा जमवून झाल्यावर ब्लॉक करा. फक्त, तो धमक्या देत असेल आणि पुढे काय करणार हे कळणं गरजेचं असेल, तर पोलिसांशी बोलेपर्यंत ब्लॉक न करता म्यूट ठेवा. इन्स्टाग्रामवर "रिस्ट्रिक्ट" केलं तर त्याला न कळता त्याच्या कमेंट इतरांना दिसेनाशा होतात. एकाच वर्गात, एकाच गल्लीत असलेल्यांच्या बाबतीत ही सोय बरी पडते.

६. पोस्ट किंवा फोटो लवकरात लवकर उतरवायचा कसा?

आधी प्रश्न ३ मधलं सगळं करा, मग रिपोर्ट. नुसतं रिपोर्टचं बटण दाबून थांबू नका. भारतात चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता साइटवर द्यावा लागतो. त्याला लेखी तक्रार करा. नग्न किंवा लैंगिक दृश्य, फोटोत फेरफार, तुमचं सोंग घेऊन काढलेलं अकाउंट, अशा बाबतीत तुमच्या तक्रारीनंतर २४ तासांच्या आत मजकूर हटवायची जबाबदारी २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर टाकली होती; २०२६ मध्ये ती मुदत २ तासांवर आणली. दाद मिळाली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं.

खासगी फोटो अजून पसरलेला नाही, पण पसरवायची धमकी आहे? तर "स्टॉप एनसीआयआय डॉट ओआरजी" ही मोफत सेवा वापरा. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही. त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो अडवतात. फोटोच्या वेळी वय १८ च्या आत असेल तर "टेक इट डाऊन" ही तशीच सेवा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवलेले मेसेज यात पकडले जात नाहीत, म्हणून तिथे पोलिसांची तक्रार टाळू नका.

७. सोलापुरात तक्रार नेमकी कुठे द्यायची?

शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणं. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, सांगोला, करमाळा अशा तालुक्यांतून असाल तर ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतलं सायबर ठाणं. इतक्या लांब जाणं जमत नसेल तर जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जा. "हे सायबरवाल्यांचं काम आहे" असं म्हणून परत पाठवता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी करतो, म्हणून ठाण्यात गेल्यावर निरीक्षकांना भेटायचं आहे असं सांगा.

घटना पुण्याच्या हॉस्टेलवर घडली आणि तुम्ही सुट्टीला सोलापुरात आहात, तरी इथे गुन्हा नोंदवता येतो. त्याला शून्य क्रमांकाची एफआयआर म्हणतात, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. त्याच कलमानुसार पाठलाग, अश्लील टिप्पणी, लैंगिक छळ अशा गुन्ह्यांत मुलीची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची असते. ते मागताना संकोच करू नका.

घरबसल्या तक्रार करायची तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, पत्ता सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन. महिला आणि मुलांशी संबंधित तक्रार तिथे नाव न देताही करता येते. पण नाव दिलं नाही तर पुढचा पाठपुरावा तुम्हाला करता येत नाही, म्हणून शक्य असेल तर नावानिशी करा आणि मिळालेला क्रमांक जपून ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

८. कोणतं कलम लागतं? नुसत्या शिव्या दिल्या तर काही होतं का?

"६६-अ टाका" असं अजूनही लोक सांगतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं आहे, त्यावर वेळ घालवू नका.

फेक आयडीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-क आणि ६६-ड, खासगी अवयवांचा फोटो परवानगीशिवाय काढला किंवा पसरवला तर ६६-इ, अश्लील मजकुरासाठी ६७. उघड लैंगिक दृश्य असेल तर ६७-अ, ज्यात पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. नको म्हटल्यावरही मुलीला सतत मेसेज करणं, तिच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलाग. धमकीला ३५१, पैसे उकळायला ३०८, बदनामीला ३५६.

नुसत्या शिव्यांवर बहुतेक वेळा एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. ती निरुपयोगी समजू नका. त्याच माणसाने पुढे आणखी काही केलं तर मागची नोंद उपयोगी पडते. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं लागतात. मात्र कलम शोधणं हे तुमचं काम नाही. काय घडलं ते सरळ लिहा.

९. ताई, घरी कळलं तर शिक्षण बंद करतील. स्थळं बघायला लागतील. तक्रार करायचीच असेल तर घरच्यांशिवाय होते का?

होते. वय १८ पूर्ण असेल तर तक्रारीला पालकांची सही लागत नाही.

तरीही एवढ्यावर थांबत नाही, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त मुलं याच्यापाशीच अडकतात. शहराच्या पूर्व भागात वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. दोघांनी इन्स्टाग्राम उघडलेलंही नाही. त्यांना "फोटो" आणि "व्हायरल" हे दोन शब्द ऐकूनच धडकी भरते. त्या भीतीचा राग होतो आणि तो फोनवर निघतो. म्हणून सांगायच्या आधी सगळा पुरावा दुसऱ्या एका सुरक्षित ठिकाणी ठेवा. फोन हिसकावला, आपटला, तरी तो राहिला पाहिजे.

थेट आई-वडिलांना सांगणं जमत नसेल तर घरात एक माणूस असतो ज्याचं ऐकलं जातं. मावशी, मामा, आत्या, शिकलेला चुलत भाऊ, कधी शेजारच्या काकूही. आधी त्यांना सांगा आणि घरी बोलताना सोबत बसायला सांगा. बोलायची वेळ रात्री जेवणं झाल्यावरची ठेवा, कामावर जायच्या घाईत नको. सुरुवात अशी करता येते: "आई, एक माणूस मला ऑनलाइन त्रास देतोय. मी पुरावे ठेवलेत, पोलिसात कसं जायचं तेही मला माहीत आहे. मला तू सोबत हवी आहेस. आधी पूर्ण ऐकून घे." प्रश्नासोबत पुढची वाटही दाखवली की घरच्यांना हात-पाय गळाल्यासारखं होत नाही. बहुतेक आई-बाप पहिले दोन दिवस ओरडतात आणि तिसऱ्या दिवशी सोबत ठाण्यात येतात. त्या पहिल्या दोन दिवसांवरून निष्कर्ष काढू नका.

काही घरं तशी नसतात, हेही मला माहीत आहे. मारहाणीची, कोंडून ठेवण्याची किंवा जबरदस्तीने लग्न लावण्याची खरी भीती असेल तर घरी सांगायची घाई करू नका. मुलींनी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा, तातडीच्या धोक्यात कुणीही ११२ लावावा. सज्ञान मुलीचं लग्न तिच्या मर्जीविरुद्ध लावता येत नाही, आणि हे सांगायला तुमच्या बाजूने उभं राहणारे लोक या शहरात आहेत. कॉलेजमधल्या विश्वासू बाईंपासून सुरुवात करा.

१०. फोटो मीच त्याला पाठवला होता. मग चूक माझीच ना?

विश्वासाने दिलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडणारा गुन्हेगार असतो. कायदाही तसंच मानतो. न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की फोटो काढायला संमती होती पण इतरांना दाखवायला नव्हती, तर दाखवणं हा गुन्हाच आहे. ठाण्यात कुणी "मग पाठवलाच कशाला?" असं विचारलं तर एवढंच म्हणा, "पसरवायला मी परवानगी दिली नव्हती," आणि पुढे बोला.

हल्ली साध्या डीपीवरून एआयने नग्न फोटो बनवतात. तुम्ही काहीच पाठवलं नव्हतं, तरी तक्रार तितकीच पक्की आहे. मूळ फोटो जवळ ठेवा, फेरफार दाखवायला तो लागतो.

११. अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल आला, रेकॉर्ड केलं, आता पैसे मागतायत. दिले तर थांबतील का?

थांबत नाहीत. एकदा पैसे आले की हा देतो हे त्यांना कळतं आणि मागणी वाढते. पाठोपाठ "दिल्लीचा पोलीस अधिकारी" म्हणून फोन येतो, तोही त्यांच्यातलाच. फोनवरून अटक करायची कुठलीही पद्धत कायद्यात नाही. पैसे देऊ नका, पुरावा ठेवा, ब्लॉक करा, फ्रेंड लिस्ट लपवा, सायबर पोर्टलवर तक्रार करा. दिले असतील तर त्याच क्षणी १९३० आणि बँक. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी.

या फसवणुकीत अडकलेली मुलं लाजेने खचतात, आणि ही टोळ्यांनी ठरवून चालवलेली फसवणूक आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. रोज असंख्य लोकांना तोच कॉल, तीच वाक्यं जातात. बहुतेक वेळा पैसे मिळत नाहीत हे कळल्यावर ते पुढच्या माणसाकडे वळतात. कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांनी नातेवाइकांना एडिट केलेले फोटो पाठवले तर मार्ग हाच. शिवाय कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने तुमची संपर्क यादी उघडणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. कर्ज घेतलंय म्हणून छळ सहन करावा लागत नाही.

१२. मी मुलगा आहे. ठाण्यात हसतील. माझ्यासाठी कायदा आहे का?

आहे. कलम ७७ आणि ७८ स्त्रियांच्या संरक्षणासाठी आहेत, पण ६६-क, ६६-इ, ६७, ६७-अ, धमकी, खंडणी आणि बदनामीच्या कलमांत मुलगा-मुलगी भेद नाही. आवाज, चाल, कपडे यावरून "बायल्या" म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलांचे मेसेज मला बरेच येतात आणि ते बहुधा मध्यरात्रीनंतर येतात. तुम्हाला होणारा त्रास खरा आहे. समोर कुणी हसलंच तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, कागदावर कुणी हसत नाही.

१३. फेक आयडीमागे कोण आहे ते शोधून देतो, असं एक जण म्हणतोय. पाच हजार मागतोय. देऊ का?

अजिबात नको. अकाउंटमागची माहिती कंपनी पोलिसांना देते, खासगी माणसाला देत नाही. असे "हॅकर" पैसे घेऊन गायब होतात किंवा तुमचाच पासवर्ड काढून घेतात. संशय कुणावर आहे ते तक्रारीत कारणासह लिहा. संशयावरून कुणाचं नाव स्टेटसला टाकू नका, ते चुकलं तर बदनामीचा दावा तुमच्यावर येईल.

१४. कॉलेजच्या नावाने कन्फेशन पेज आहे. त्यावर माझ्याबद्दल घाण लिहितात. कॉलेज म्हणतं, "हे बाहेरचं आहे, आमचा संबंध नाही."

लिहिणारे कॉलेजचेच विद्यार्थी असतील तर संबंध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत लिहिलेल्या शब्दांनी केलेला छळही येतो. शिवाय महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ पासून आहे. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हलले नाहीत तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, ती २४ तास चालते. मजकूर लैंगिक असेल तर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीकडेही जाता येतं. तिथे तक्रार करायची मुदत घटनेपासून साधारण ३ महिन्यांची असते, तेव्हा वर्ष संपायची वाट पाहू नका. पोलीस तक्रार याच्या जोडीने चालते.

१५. मी ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. कुणीतरी मुलीचा फोटो टाकला. मी अडकेन का?

दुसऱ्याने टाकलं एवढ्याने नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसं सांगितलं, मात्र अ‍ॅडमिनचाही त्या कृत्यात हात असेल तर गोष्ट वेगळी. स्क्रीनशॉट काढा, फोटो सगळ्यांसाठी डिलीट करा, टाकणाऱ्याला काढा आणि त्या मुलीला कळवा. ज्यांनी तो पुढे पाठवला तेही गुन्ह्यात येतात, हे ग्रुपवर लिहून टाका.

१६. जातीवरून बोलतात. जयंतीच्या दिवसांत तर स्टेटसवरून फार वाढतं. काय करावं?

तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल आणि जातीवरून अपमान लोकांना दिसेल अशा जागी केला असेल, जसं की सार्वजनिक पोस्ट किंवा कमेंट, तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू शकतो. त्याचा तपास किमान उपअधीक्षक, शहरात सहायक आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो. फक्त तुम्हालाच आलेल्या खासगी मेसेजला ते कलम लावणं अवघड जातं, तिथे धमकी आणि अपमानाची कलमं वापरली जातात. उलट स्टेटस टाकून दुसऱ्या समाजाला बोलू नका. तेढ वाढवल्याचं कलम तुम्हालाही लागेल आणि मूळ गुन्हेगार सुटेल.

१७. डॉक्टरकडे कधी जायचं? खर्च किती? "वेडा" असा शिक्का बसेल का?

दोन आठवडे सलग झोप, भूक, अभ्यास किंवा कामावर परिणाम दिसत असेल, आवडत्या गोष्टीत मन लागत नसेल, विनाकारण रडू येत असेल, तर जा. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. केस वर्षभर चालेल, तेवढे दिवस मनाने का सोसायचं?

पहिली पायरी फोनची: १४४१६. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आणि २४ तास. मराठीत बोलता येतं, तेलुगु, कन्नड, उर्दूतही. घरात तेलुगु किंवा कन्नड बोलणाऱ्यांना मनातलं त्याच भाषेत सांगता येणं ही मोठी सोय आहे. समोरासमोर भेटायचं तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून दाखवता येतं आणि खर्च खासगीपेक्षा खूप कमी येतो. समुपदेशक बोलून मदत करतात, औषधं फक्त मानसोपचारतज्ज्ञ देतात. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही. लागल्या तर मनाने बंद करू नका.

तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे. सज्ञान व्यक्तीच्या उपचारांबद्दल डॉक्टर कॉलेजला किंवा मालकाला कळवत नाहीत. जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश अशा, कायद्यात सांगितलेल्या मोजक्या प्रसंगीच यात अपवाद होतो.

१८. मैत्रीण म्हणते, "आता जगावंसं वाटत नाही." तिने कुणालाही सांगू नको अशी शपथ घातलीय.

ती शपथ मोडा. ती चिडेल, बोलणं बंद करेल, पण ती असेल.

तिला सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी उघड विचारलं याने सुटल्यासारखं वाटतं. "असं बोलू नये", "आई-बापाचा विचार कर" हे टाळा. ऐका. तिला एकटं सोडू नका, धोकादायक वस्तू आणि औषधं तिच्या हाताशी राहू देऊ नका, तिच्या घरातल्या एका मोठ्या माणसाला लगेच कळवा. १४४१६ ला तुम्हीही तिच्या वतीने फोन करू शकता. काही करून घेतलं असेल किंवा आत्ताच करेल असं वाटत असेल तर १०८ किंवा ११२, आणि सिव्हिलचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो.

"पोलीस केस होईल" या भीतीने दवाखान्यात नेणं लांबवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा व्यक्तीवर प्रचंड ताण होता असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ नव्या न्याय संहितेत ठेवलेलंच नाही.

१९. मीच एका मुलाला त्रास दिला. ग्रुपमध्ये सगळे करत होते म्हणून मीही केलं. तो कॉलेजला येत नाही आता.

हा प्रश्न पाठवायला धैर्य लागतं. टाकलेलं सगळं आजच उतरवा, पण आधी तक्रार झाली असेल तर फोन साफ करू नका, तो पुरावा नष्ट करणं ठरेल. ज्या ग्रुपवर हसलात त्याच ग्रुपवर लिहा की ते चुकीचं होतं. त्याला माफीचा एक मेसेज पाठवा, "पण तूही" हे शब्द न घालता. त्याने उत्तर दिलंच पाहिजे अशी अपेक्षा नको आणि पुन्हा पुन्हा लिहून त्याला गाठू नका. तुम्हाला हे सलत असेल तर प्रश्न १७ तुमच्यासाठीही आहे.

२०. तक्रार देऊन महिने झाले, काही हालचाल नाही. आता त्याचे घरचे म्हणतात, "मुलाचं करिअर जाईल, मिटवून टाका."

तपासाची प्रगती ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. लेखी विचारा. गुन्हाच नोंदवून घेतला नसेल तर पोलीस आयुक्त किंवा ग्रामीण अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

मिटवण्याबद्दल: निर्णय तुमचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा नाही. मिटवायचंच ठरवलं तर बाँडपेपरवर घाईत सही करू नका, आधी वकिलाला दाखवा. गंभीर गुन्हे आपसात मिटत नाहीत, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. आणि फोटो त्याच्याकडून, त्याच्या मित्रांकडून खरोखर गेलेत याची खात्री झाल्याशिवाय कशालाच हो म्हणू नका.

२१. प्रकरण संपलं, पण नाव गुगलवर टाकलं की अजून ते दिसतं. पुण्यात मुलाखती सुरू आहेत.

परवानगीशिवाय टाकलेली नग्न किंवा लैंगिक छायाचित्रं शोधनिकालातून काढायला गुगलचा वेगळा अर्ज आहे. तो भरा, प्रत्येक लिंक वेगळी द्या. त्याने शोधात दिसणं थांबतं, मूळ साइटवरून काढायला मात्र प्रश्न ६ मधलीच वाट. मुलाखतीत कुणी विषय काढला तर दोन वाक्यं पुरेत: "माझ्याविरुद्ध ऑनलाइन गुन्हा झाला होता. मी तक्रार केली, त्यावर कारवाई सुरू आहे." त्यापुढचं सांगायला तुम्ही बांधील नाही.